अठरा तास

अंतरं मला पाठ आहेत.
मोपा ते दोहा, दोहा ते लिस्बन,
आठ हजार आणि वर काही किलोमीटर.
ते वरचे काही कुणी विचारत नाही.
बावीस वर्षं याच खुर्चीत,
म्हापशाच्या बाजारावरच्या माडीत.
शुक्रवारी खालून मिरच्यांचा ठसका चढतो
आणि वर मी शिंकत शिंकत
माणसं पृथ्वीच्या दुसऱ्या अंगाला धाडतो.
मी स्वतः बेळगावपलीकडे गेलेलो नाही.

एप्रिल संपताना हळदोण्याची देओलिंदाबाय आली.
काखेत छत्री, मुलीचा पत्ता
वहीच्या पानावर उतरवलेला.
फ्रॉकच्या खिशातून रुमाल काढून मान पुसली,
आणि भाव न विचारता म्हणाली,
'वाट कितली?'

अठरा तास, मी म्हटलं.
चार दोह्यापर्यंत, सहा तिथे बसून, आठ पुढे.
पहाटे साडेतीनला निघायचं,
संध्याकाळी पाचला पोचायचं. त्याच दिवशी.
तिने बोटांच्या पेरांवर मोजलं,
रोझरीचे मणी ओढावेत तसं.
'हीं साडेतेराच जालीं, पुता.
साडेचार वरां खंय गेलीं?'

हा हिशेब आजवर कुणी मागितला नव्हता.
सूर्य उसने देतो, मी म्हटलं,
येताना कापून घेतो.
तिला पटलं. उसन्याचं तिला माहीत होतं.

मग खुर्ची पुढे ओढून, हळूच:
'आयज काडिल्लो मानकुराद
खंय पिकतलो?'

माझ्या पडद्यावर तसा रकाना नाही.
तिनेच सांगितलं:
खांदा भरलेला, देठ ओला असताना काढलेला,
गवतात चार दिवस, पेटीत तीन.
विमानातल्या थंडीचा अर्धा दिवस धरायचा.
म्हणजे दोह्याला पिवळा,
लिस्बनच्या दारात घमघम.

बाय, दारातच काढून घेतील, मी म्हटलं.
फळ नेऊ देत नाहीत. कायदा आहे.
ती काही बोलली नाही.
नोटा दोनदा मोजून दिल्या
आणि जिना उतरली, एकेक पायरी.

ऑगस्टात परत आली. पावती हवी होती म्हणे.

'सहा वरां आशिल्लीं मरे दोह्याक.
बाकावर बसले. लादी पुसणारी
नेपाळची एक पोर होती, तिला एक दिला.
बाकीचे चार मीच.
सुरी नाही, दातांनी साल ओढून.
लोक बघत होते. पळोवं दी.'

बाठे टाकले तिने,
चोखून चोखून पांढरे झालेले.

'हात मात धुवूंक नात.'

पुढचे आठ तास
मुठी मांडीवर मिटून.
जेवणाचा ट्रे आला तसा गेला.
शेजारच्याने विचारलं, बरं वाटत नाही का.

काचेच्या दारापलीकडे जोव्हिता,
नऊ वर्षांनी, केस कापलेले.
तिने मिठी मारली नाही आधी.
थबकली.
आईचे दोन्ही हात धरले, उघडले
आणि चेहरा आत घातला.
बॅगांच्या पट्ट्यावर
त्यांची बॅग फिरत राहिली.

किती वेळ, मी विचारलं.
धंद्याची सवय.

'तें कोण मोजता?'
छत्रीचं पाणी माझ्या लादीवर निथळत होतं.
पावती घडी करून खिशात घातली,
जिन्याशी वळली.

'आणि ते साडेचार तास, पुता.
घेतले त्याने परत.
एक मिनिट सोडलं नाही.'