कायमचा पत्ता

पलसीकर कॉलनी, रविवार, शाळेतला चौथीचा वर्ग.
बाकं लहान, गुडघे मोठे.
जेठीबाई सही शिकतायत.
जन्मभर सिंधी लिहिलेला हात
देवनागरीतही ओळीच्या उजव्या टोकाशी जाऊन थांबतो.
"इकडून, मावशी."
"इकडे तर माझं पान संपतं, बेटा."

मुदत संपलेला पासपोर्ट, शपथपत्र, तीन फोटो.
हेमराज पुन्हा स्टेपलर हरवून बसलाय.
'कायमचा पत्ता'पाशी पेन अडतं.
"तुझा काय?"
"इथलाच. इंदूर."
"आणि त्याआधी?"

खापरपणजोबा होळकरांच्या पागेवर आले,
म्हणे वाईकडून.
त्यांच्याकडे झेरॉक्स कुणी मागितली नव्हती.

मी खोडरबर शोधते.
तोवर त्यांनी डाव्या कडेला
एक ज काढलाय,
जरासा घोटकीकडे झुकलेला.