आंग्लिरू, शर्यत नसलेला दिवस

शर्यतीच्या दिवशी इथं माणूस मावत नाही.
कडेनं तंबू, डांबरावर पांढऱ्या रंगात नावं,
माझ्या गायी बिथरतात, पान्हा चोरतात.
पण आज ऑक्टोबरातला मंगळवार,
धुकं पार ला वेगापर्यंत उतरलेलं,
आणि रस्त्यावर एकटा सेल्मो.

सायकल दिसण्याआधी धाप ऐकू येते.
खाणीतल्या माणसाची धाप वेगळी:
आत घेताना करवत, सोडताना शिट्टी.
माझ्या नवऱ्याची तशीच होती,
अंथरुणात पडून पडून मी मोजलेली.

बावीस वर्षं हा पिंजऱ्यात उभा राहून खाली गेला,
पाचशे मीटर, दीड मिनिटात, हात खिशात.
वर जायला मात्र
अख्खी सकाळ पुरत नाही त्याला.

पहिले पाच किलोमीटर रस्ता गोड बोलतो,
सोयरीक जमवायला आल्यासारखा.
व्हियापारात तर सपाटी, बाकडं, वारा.
मग वळून जे तोंड दाखवतो!
कुएन्या लेस काब्रेस. शेळ्यांची चढण.
नाव आमच्या पणज्यांनी ठेवलं,
टक्के नंतर कुणी पाटीवर लिहिले: साडेतेवीस.
शेळीला टक्के कळत नाहीत, म्हणून ती चढते.

सेल्मो नागमोडी येत होता,
या कडेकडून त्या कडेला, चढाला फसवत,
गायी चढतात तसा; त्यांना कुणी शिकवलं नाही.
शेवटचा गिअर केव्हाच संपलेला,
पुढचं चाक हलकं होऊन उचलू बघणारं.

तेवढ्यात माझी गालाना
रस्त्याच्या मधोमध बसली. रवंथ करत.

त्यानं पाय टेकला.
इथं पाय टेकला की संपलं;
पुन्हा बसून पायडल मारेपर्यंत
सायकल मागं घसरते.
मी गालानाला काठीनं डिवचलं. ढिम्म.
"सेल्मो, घरी जा आता."
त्यानं मान हलवली. बोलायला हवा नव्हती.
पाठीच्या खिशातून पितळी बिल्ला काढून दाखवला.
चारशे सतरा.

आमच्या खोऱ्यात हे समजावून सांगत नाहीत.
खाली जाताना बिल्ला न्यायचा,
वर आलं की आपल्या खिळ्याला परत अडकवायचा.
फ्रोइलानला वर आणलं
तेव्हा बिल्ला सेल्मोच्या मुठीत राहिला.
खाण बंद झाली त्या दिवशीही
तो एक खिळा मोकळाच होता.

मी काठी खाली ठेवली.
अडलेल्या गायीचं वासरू ओढते त्याच हाताचा तळवा
त्याच्या कमरेच्या जरा वर टेकला
आणि लोटलं.
पाच पावलं, सात, माझे बूट सटकले,
त्याचा जोडा पायडलीत बसला, टक्,
आणि गेला, गालानाला वळसा घालून, धुक्यात.
मागं नुसती करवत, शिट्टी. करवत, शिट्टी.

तासाभरानं उतरला.
ब्रेकचा जळका वास आधी, तो नंतर.
"लावलास?"
"कुठं लावू, एतेलविना?
वर नुसता गाड्यांचा तळ. एक खिळा नाही."

मला ठाऊक होतं. साठ वर्षं जाते मी.
रस्ता तिथं पोचत कुठंच नाही, थांबतो.
आधी सांगितलं नाही, एवढंच.

किटलीतलं दूध दिलं. झाकणातनं प्यायला,
मिशीला साय लागली, पुसली नाही.
"पुढच्या मंगळवारी खिळा आणतो."
"आणि हातोडी?"
विचारात पडला. या चढावर लोक
बाटलीतलं पाणीसुद्धा अर्धं ओतून देतात.

दगडानं ठोक, मी म्हणाले.
दगड वर पुष्कळ आहेत.

गालाना अजून तिथंच बसली होती.