खुलासा, पान सहा, खाली डावीकडे

ओळखपत्रावर लिहिलंय: मुक्त पत्रकार.
संकेश्वरात सगळे विचारतात, मुक्त कशापासून?
पगारापासून, म्हणतो मी.

बातमीला साठ रुपये. फोटो असला तर ऐंशी.
फोटोत दहा माणसं असली तर शंभर,
कारण दहाजण दहा अंक विकत घेतात.
वाचक म्हणजे काय, हे मला
एवढं स्वच्छ दुसऱ्या कुणी सांगितलं नाही.

मी पाठवलं होतं:
हिरण्यकेशीवरच्या जुन्या पुलाचा कठडा तुटला आहे,
काल एक म्हैस खाली पडली, पोहून बाहेर आली,
कठडा दुरुस्त व्हावा.
छापून आलं:
पुलावर थरार! मृत्यूशी झुंज! परिसरात खळबळ!
कठडा जागेअभावी गेला.

मी खळबळ बघायला गेलो.
म्हैस पलीकडच्या काठाला कडवळ खात होती.
मिरचीपेठेत दर उतरला होता,
तिथे थोडी सापडली.

बेळगावच्या ऑफिसात सुहास कंग्राळकर बसतो.
चार माणसांचं काम, एक खुर्ची, दोन फोन,
मधेच उठून व्हिडिओला आवाजही देतो.
त्याच्याकडे सहा शब्द आहेत
आणि रात्री साडेदहाच्या आत पानं सोडायची आहेत.
हळहळ तो मिठासारखी टाकतो,
चव न बघता.
मी त्याला फार बोलत नाही. माझ्याकडेही
फार तर आठ असतील.

त्या दिवशी मी दोन फोटो पाठवले.
एक तवनाप्पा मगदूम गुरुजींच्या सत्काराचा, वय ऐंशी.
दुसरा वखारीचे मुनीम कल्लाप्पा नाईकवाडी यांचा,
जे आदल्या रात्री वारले.
नावं मी हुक्केरीच्या बसमधून बोलून पाठवली होती,
मागे कंडक्टर सुट्ट्या पैशांवरून भांडत होता.
म्हणजे चूक कुणाची, हे ठरवायला
मला घाई नाही.

सकाळी पान सहावर
मुनीमजींना पुढील वाटचालीस हार्दिक शुभेच्छा होत्या.
त्यांच्या मुलानं ते कात्रण जपून ठेवलं.
म्हणाला, असू दे, चुकीचं काही नाही.

आणि गुरुजी माझ्या दारात.
धोतर, छत्री, अंक, तांबडं बॉलपेन.
घरी कन्नड, शाळेत मराठी,
छत्तीस वर्षं पोरांच्या वह्यांत
इकार-उकार जागेवर बसवलेला माणूस.
मी माफीला तोंड उघडलं, तर म्हणाले,
निधनाचं राहू दे. हे बघ.
पश्चात्य पत्नी म्हणजे कुठली रे? युरोपातली?
परिवारातली रि दीर्घ कुणी केली?
आणि दुःखद निधन. सुखद कधी बघितलास?

मधेच त्यांचा फोन वाजला. चिकोडीचा भाचा, रडत.
इन्नू अदीनी, गुरुजी म्हणाले,
अजून आहे,
आणि पुढच्या चुकीवर गोल काढला.

मग त्यांनी पहिलं पान उलगडलं.
आठ कॉलमी मथळा, तळहाताएवढी अक्षरं:
मराठी अस्मीतेचा हुंकार.
तिथे पेन जरा थांबलं.
गोल काढला, पण हळू,
जखमेभोवती काढतात तसा.
काही बोलले नाहीत.
चहा अर्धा ठेवून निघाले.

खुलासा मीच लिहिला, चाळीस शब्द,
तीनदा तपासला, ह्रस्व, दीर्घ, नाव, वय.
दुसऱ्या दिवशी छापून आला, एका ओळीत:
मगदूम गुरुजींचे निधन झाले नसल्याचे
विश्वसनीय सूत्रांनी सांगितले.

खुलाशाचे पैसे मिळत नाहीत.

आठ वाजता गुरुजींचा फोन.
वाक्य शुद्ध आहे, म्हणाले.
सूत्रं कोण, तेवढं कळव.