खराब हवा

सड्यावरच्या वायरलेस खोलीत
पोर्तुगीजांनी सोडलेली एक खुर्ची, एक रिसीव्हर
आणि मी, रामनाथ केंकरे, रात्रपाळीचा.

आपोलीन यायची, ओट्यावर बसायची.
तिचा जासिंत बोटीवरचा रेडिओवाला;
आमची तांबडी माती जपानच्या भट्टीत ओतून
रित्या पोटाने पूर्वेला निघालेला.
मोर्स तिला कळत नसे,
पण त्या टिकटिकीतून ती त्याचा हात ओळखायची.
"तोच. मध्येच अडखळतो बघा.
बोलतानाही असाच."

हाक काही सरळ जात नाही, मध्ये पृथ्वीचं पोट येतं.
ती तिरकी वर फेकायची.
तीनशे किलोमीटरवर विजेचं पातळ छप्पर आहे,
त्यावर आपटून समुद्रावर, तिथून पुन्हा वर,
चपट्या दगडाने तळीवर उड्या घेत जावं तशी.
त्याखाली आणखी एक थर. दिवसा तो हाका गिळतो,
रात्री विरतो.
म्हणून आमची लांबची बोलणी सगळी रात्रीची.

दिवाळी होऊन चार दिवस झालेले,
वास्कोच्या वाटेवर नरकासुरांचे जळके सांगाडे.
त्या रात्री पूर्वेकडून काहीच आलं नाही.
खरखरसुद्धा नाही. खरखरीची सवय होती मला,
ही शांतता कापसासारखी होती.
व्हॉल्व्ह बदलले. खांबावर चढून तार चाचपली.
स्वतःच्या बोटांवर संशय घेतला.

आपोलीन पदरात मेणबत्त्या घेऊन बसलेली;
दुसऱ्या दिवशी मेलेल्यांचा सण.
पहाटे तिने विचारलं,
"केंकरेबाब, किती लावू? सासऱ्याची, आईची...
आणि?"
मी नोंदवहीत लिहिलं : हवा खराब.

नाताळाआधी जासिंत उतरला, काळवंडलेला, धड.
म्हणाला, रात्री डेकवर आमच्या सावल्या पडल्या.
आवाज नाही. ढगही नव्हता.
हिरवं, मग रक्तासारखं काहीतरी
क्षितिजापासून क्षितिजापर्यंत ताणलं गेलं.
मी हाका मारत होतो, रे. तासन्‌तास.

कुणी तरी तिथे, हवा संपते तिथे,
बॉम्ब फोडून पाहिला होता.
सुट्या झालेल्या इलेक्ट्रॉनांनी
रात्रीचा दिवस केला, त्या एका थरापुरता.
रडारचा किरण गेला आणि परतला नाही,
आमच्या दोघांच्या हाका
एकाच वेळी एकाच आभाळाने गिळल्या.
हे मला फार उशिरा कळलं, एका जुन्या तांत्रिक अहवालात,
ज्यात सगळं होतं : उंची, वेळ, किती डेसिबल.

नोंदवही अजून बंदराच्या कोठीत असेल.
"हवा खराब" मी खोडलं नाही.

आपोलीनने त्या वर्षी दोनच लावल्या.
तिसरी घरी परत आणली,
आणि दिवे गेले की तीच पेटवायची,
संपेपर्यंत.