सुट्टे

रात्री साडेनऊला वांग आजींचा नातू विचारतो,
"तुमचा आवडता राष्ट्राध्यक्ष कोण?"
शाळेचा कागद आहे हातात, मधोमध रेघ मारलेला.
डावीकडे मोठं काम, उजवीकडे मोठी चूक.
फ्रेस्नोचा ऑगस्ट असा, की बाहेर दोरीवरही
कपडे तासात कडक होतील,
तरी माझे बाराच्या बारा ड्रायर घरघरतायत.

म्हाताऱ्या तोशिओंनी खिशातून डाइम काढलं.
"हा घे. याच्या कायद्याने दर महिन्याला माझा चेक येतो.
भाडं, गोळ्या, हे धुणंसुद्धा त्यातूनच."
नाणं टेबलावर पालथं घातलं.
"आणि याच्याच सहीने, चार वर्षांचा होतो मी,
आम्हाला इथल्याच जत्रेच्या मैदानावर नेऊन ठेवलं,
डांबरी कागदाच्या खोलीत. मग आर्कान्सा.
तार काटेरी होती.
आई तिच्यावरच धाकटीची दुपटी वाळत घालायची."
"मग कुठे लिहू?"
"रेघेवर लिही."

लोरीनला मी कधी विसाची नोट देत नाही.
दोन दहाच्या देते, न विचारता.
तिच्या खापरपणजीची आई ज्या वाटेने
ओक्लाहोमापर्यंत चालवत नेली गेली
ती वाट त्या नोटेवरच्या माणसाच्या कायद्यातून निघाली.
"डावीकडे लिही," ती मोज्यांच्या जोड्या लावत म्हणाली,
"देशाचं कर्ज फेडलं त्याने, पैन् पै.
त्यानंतर कुणाला जमलेलं नाही.
आणि विचार तुझ्या बाईंना,
विकलेल्या जमिनी कुणाच्या होत्या."

लिंकनचं नाव पोराने घरूनच लिहून आणलं होतं.
डावीकडे : गुलामांना सोडवलं.
उजवीकडे कोरं.
मी काही बोलले नाही, सोडवलेल्यांत माझी माणसं होती.
लोरीन बोलली. "त्या जाहीरनाम्याच्या सहा दिवस आधी
मिनेसोटात अडतीस डकोटांना फाशी, एकाच वेळी.
नावांची यादी त्याने स्वतःच्या हाताने लिहिली,
तीनशे तीनांतून निवडून."
पोरगं बोटांवर काहीतरी करत होतं.
"म्हणजे दोनशे पासष्ट वाचवले?"
लोरीनला एका मोज्याचा जोड सापडेना.
"गणित बरोबर आहे तुझं," ती म्हणाली.

माझ्या माणसाचं नाणंच नाही.
लांब कानांचा, टेक्ससचा, तोंडाने शिवराळ.
त्याने सही केली म्हणून माझी आई मिसिसिपीत
वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी पहिलं मत द्यायला गेली,
पांढरे हातमोजे घालून.
घरी आल्यावर तिने ते धुतले नाहीत,
कागदात गुंडाळून ठेवले.
क्लीऑन मामा तेव्हा वियेतनाममध्ये होता,
त्याच माणसाने धाडलेला.
त्याच्याऐवजी घडी घातलेला झेंडा आला, त्रिकोणी.
तीस वर्षं मी लोकांच्या चादरींच्या घड्या घालतेय,
तशी घडी मला अजून साधलेली नाही.

आजींना इंग्रजी येत नाही.
पण 'वियेतनाम' ऐकून त्यांचे हात थांबले.
लाओसच्या डोंगरांतून त्या खाली उतरल्या होत्या,
मेकाँग पार केली रात्री,
या पोराचा बाप पाठीशी बांधून,
मागे हात नेऊन त्याचं तोंड दाबून धरत.
हे मला पोरानेच एकदा सांगितलं होतं,
व्हिडिओ गेम खेळता खेळता.

त्या हळूच काहीतरी म्हणाल्या.
पोरगं गप्प.
"काय म्हणतात रे?"
"म्हणते, चादर मोठी आहे. दुसरं टोक धरा."

धरलं मी.
टोकाला टोक लावायला चालत पुढे गेले,
त्यांच्या बोटांना माझी बोटं लागली,
गरम होतं कापड.

"पण आवडता कोण, ते लिहायचंय अजून,"
पोरगं मागून कुरकुरलं.
तेवढ्यात सात नंबर थांबला.
दार उघडून पाहिलं, जीन्स ओल्याच होत्या.
आणखी दोन वॉशिंग्टन टाकले.