महिन्याला एक रेघ

जायच्या आदल्या दिवशी टाकी रिकामी केली.
पेट्रोल डब्यात, डबा धोंडीरामच्या पंपाला.
प्लग काढून भोकातून दोन चमचे ऑइल सोडलं,
हातानं किक दाबली, दोनदा,
पिस्टन अंधारात तेलकट राहावा म्हणून.
सायलेन्सरच्या तोंडात बनियनचा बोळा, उंदरांसाठी.
बॅटरी सुटी करून माळ्यावर.
बॉक्सर मधल्या स्टँडवर घेतली, वर गोणपाट.

शामलला सांगितलं, महिन्यातून एकदा
मागं दाब द्यायचा, पुढचं चाक उचललं की
पाव फेरा फिरवायचं.
एकाच जागी टेकून राहिलं तर टायर बसतो.
"आन मी इसरले तर?"
भिंतीवर रेघ मार म्हटलं, खडूनं.
तात्या ओट्यावरून बोलले,
"लोखंडाचं काय लाड करतंय."
एवढंच. विट्याहून गाडी साडेआठची होती.

कोइमतूरच्या गल्लीत माझी भट्टी.
सोनारांच्या दुकानातली झाडलेली धूळ घेतो,
मुशीत घालतो, उरेल ते तोलतो.
या खेपेला पावणेचार वर्षं झाली.
मधे एकदा तात्यांचा फोन:
शामल भाळवणीला दिली. कार्याला आला न्हाईस.
बाकी बरं हाय.
गाडीचं मी विचारलं नाही.

आता लेंगऱ्यात, गोठ्यात, गोणपाट काढतोय.
बोळा जागच्या जागी,
पण एअर फिल्टरच्या डब्यात भुईमुगाची टरफलं.
वाट काढणारा वाट काढतोच.
टाकी रिकामी केली होती, कार्बोरेटरची वाटी विसरलो होतो;
तळाशी हिरवट मेण.
जेटमधून तांब्याची एक तार ओवली,
उजेडाला धरला:
सुईच्या टोकाएवढा पलीकडचा दिवस.
चेन लाल. ब्रेकचे शू ड्रमला चिकटलेले,
हातोडीच्या दांड्यानं ठोकून सोडवले.
बॅटरी आणि प्लग विट्याच्या इलाही मुल्लाकडून.
"जुना प्लग बी चालला असता," म्हणाला,
"पर तू लांबनं आलाईस."

मग पुढचं चाक. फिरवून बघितलं, बोटानं दाबत दाबत.
टायर कुठंच बसलेला नाही.

भिंतीकडे वळलो.
खडूच्या रेघा, पाच-पाचाचे जुडगे,
सरळ, शाळेतल्यासारख्या. एकवीस. मग थांबल्या.
त्यांच्या खाली कोळशाच्या,
वाकड्या, कमी-जास्त उंचीच्या,
एक तर हात घसरून जमिनीपर्यंत गेलेली.
मोजायला लागलो आणि मधेच सोडून दिलं.

तात्यांच्या कमरेला डॉक्टरचा पट्टा आहे, दोन वर्षं.
मागं दाब द्यायचा. चाक उचलायचं.

अकराव्या किकला खोकली.
जळक्या तेलाचा पांढरा धूर गोठाभर,
शेळी दावं ताणून मागं सरली.
मी अ‍ॅक्सिलेटर पिळून धरला,
सोडायची भीती वाटत होती.

तात्या दारात आले. हातानं धूर बाजूला केला.
माझ्याकडे नाही, भिंतीकडे नाही,
"मागच्या चाकात हवा कमी हाय," म्हणाले,
आणि टोपी शोधायला आत गेले.