बिंदू एका जागी ठेवू नये

शनिवारी, फौंड्रीचा भोंगा झाल्यावर,
मी आधी पिन काढते.
नुसतं बटण दाबून भागत नाही,
मोनाप्पा सांगायचे,
आतल्या कपॅसिटरला अजून कळलेलं नसतंय
दिवस संपला म्हणून.
पाच मिनिटं थांब की. चहा पी. मग हात घाल.

उद्यमबागेतली धूळ साधी नाही.
लोखंड असतं तिच्यात, पिठासारखं,
चुंबक फिरवला की लव उभी राहते.
ती बोर्डावर बसली तर दोन वाटांची एक होते
आणि मीटर खोटं बोलतो,
तेही दोन दशांशांपर्यंत.

म्हणून दाढीचा जुना ब्रश. मऊ फडकं.
स्पिरिट फडक्यावर, काचेवर नव्हे.
थिनर तर नकोच:
सिद्दलिंगनं एकदा डायलवरचे आकडेच पुसले,
अजून आम्ही ते बटण
अंदाजानं फिरवतो.

मल्टिमीटरची पाठ उघडते. फ्यूजच्या जागी तार.
कोण घालतं, कुणी कबूल होत नाही.
प्रोबची वायर वाकवत जाते, बोटाबोटानं;
निपाणीत आई विडीचं पान असंच तपासायची,
भोक कुठं आहे ते अंगठ्यानं,
बोलता बोलता, दुसरीकडं बघत.

शेवटी जुना स्कोप.
हिरव्या काचेत मधोमध करडा ठिपका,
जोंधळ्याएवढा.
पहिल्या वर्षी मी नखानं खरवडला होता.
"ते आतनं आहे गं," मोनाप्पा म्हणाले.
मला वायर गुंडाळायलासुद्धा
कधी चुकू दिलं नाही त्यांनी.

"सिव्हिलातनं फोन आला. रात्रीचे अकरा.
तसाच पळालो.
बिंदू उभाच राहिला, भर उजेडात, एका जागी.
तिसऱ्या दिवशी आलो तर..."

पुढचं बोलले नाहीत.
उजेडाची चावी तेवढी मागं फिरवून दाखवली:
काम नसलं की असं मंद करायचं. निधान.

तेव्हापासून आमची प्रत्येक लाट
त्या ठिपक्यापाशी क्षणभर दिसेनाशी होते.
वाचता येते तरीही.

कव्हर सुतीच घालते, नायलॉन ठिणगी धरतं.
पुडीतले निळे दाणे गुलाबी झालेत ओलीनं,
घरी तव्यावर भाजायला डब्यात भरते.
मग वही. शेऱ्याच्या रकान्यात
वरपासून खालपर्यंत त्यांचं तिरकं अक्षर,
त्याखाली तीन वर्षं माझं:
स्कोप ठीक. ठिपका आहे तसाच.